लॉगवाले शेखभाऊ

शेखभाऊ कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर प्लॅस्टिकची फूटपट्टी धरून लॉग वाचायचे. आमच्या संस्थेच्या आश्रमशाळा मूल गावापासून पार एटापल्लीपर्यंत पसरलेल्या, पण सर्व्हर चंद्रपूरच्या ऑफिसात, एका कुरकुरणाऱ्या एसीखाली. त्यात कोण आलं, कुठून आलं, काय उघडलं, याची सर्व्हर आपली आपण ठेवतो ती नोंद म्हणजे लॉग. सकाळी आल्यावर डबा कपाटात ठेवायचा, पट्टी काढायची आणि ओळीओळीने खाली सरकायचं, हा त्यांचा शिरस्ता. मी शेजारी बसून संस्थेची वेबसाइट सांभाळायचे आणि जांभया द्यायचे.

"भाऊ, हे काम आता सॉफ्टवेअर करतं," मी एकदा म्हटलं.

"सॉफ्टवेअर लाल दिवा लावते," ते म्हणाले. "आत आलेला मानूस कसा हाय, ते नाई सांगत."

म्हणून ते फोन करायचे. काही वेगळं दिसलं की खातं बंद करण्याआधी त्या शाळेला फोन. "काऊन जी बाई, आज भल्या पहाटे काम करून राह्यल्या?" पलीकडून हसू ऐकू आलं की पट्टी पुढे सरके.

एटापल्लीच्या शाळेतल्या लिपिक कुसुमबाईंचं नाव मात्र अधूनमधून आरमोरीहून दिसे. तिकडची केबल तुटली की बाई रेंज मिळेल तिथवर चालत जात, फोनवर मुलांची हजेरी सांगत, आणि आरमोरीच्या शाळेतली त्यांची मैत्रीण ती बाईंच्या पासवर्डने भरे. हजेरी चढली नाही तर वसतिगृहाचं धान्य अडायचं. नियमात हे बसत नव्हतं. शेखभाऊ वहीत 'केबल तुटली' एवढंच लिहीत.

मग एका सोमवारी वेबसाइटवर शाळांच्या फोटोंच्या जागी जुगाराच्या जाहिराती झळकल्या. वरून चौकशीला साहेब आले. लॉगमध्ये एकच बाई दोन गावांतून सापडली आणि त्यांची चौकशी तिथेच संपली. बाईने पासवर्ड दिला, तोच फुटला, कंत्राटी आहे, काढून टाका. कुसुमबाईंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. "भाऊ, लेकरायच्या जेवनासाठी केलं मी. आता कुठी जाऊ?"

"तीन दिवस द्या साहेब," शेखभाऊ म्हणाले.

साहेबांनी ते दिले. पट्टी एकेक महिना मागे सरकत होती आणि ती कुठे थांबणार हे मला ठाऊक होतं. वेबसाइटवर फोटो दाखवणाऱ्या भागाचं अपडेट मी दर वेळी 'नंतर' दाबून टाळत आले होते. चोर तिथूनच शिरला असणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण माझंही कंत्राट संपत आलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टी थांबली. शेखभाऊंनी चष्मा पुसला, माझ्याकडे न बघता अहवाल लिहायला घेतला.

'शिरकाव फोटोंच्या भागातून झाला, कुसुमबाईंच्या पासवर्डचा त्याच्याशी संबंध नाही. अपडेट राहून गेलं, देखरेख माझी होती.' एवढंच लिहून त्यांनी खाली सही केली. कुसुमबाईंची नोकरी वाचली. शेखभाऊंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. माझं कंत्राट वाढलं.

आता खरंच सॉफ्टवेअर आहे. दिवसभर इशारे येत राहतात. मी सगळे एकदम निवडते आणि मिटवते. वाचायचा कंटाळा येतो.

मागच्या उन्हाळ्यात मूलला त्यांच्या घरी गेले. बसमध्ये सगळा वेळ वाक्यं जुळवत होते, पण समोर बसल्यावर "भाऊ, ते अपडेट..." एवढंच बाहेर पडलं.

"मले मालूम हाय, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "'नंतर' कोन दाबते, त्याचंबी नाव येते ना लॉगमधी. मी तं रोज वाचत होतो. तुले एकदाबी टोकलं नाई. तेवढी चूक माझीच, म्हनून सही केली." मग त्यांनी विचारलं, "साहेबाले सांगतलं का तू?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

ते साहेब आता चंद्रपूरलाच बसतात. त्यांचं दार दिवसभर उघडं असतं, आणि मी रोज त्याच्यासमोरून माझ्या जागेवर जाते.