दोन फुलपात्रं
वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की तो वास मला अजून बाड्याच्या चौकामागे राहणाऱ्या काकांच्या दारात नेऊन उभं करतो. वडील ख्रिस्ती झाले तेव्हा काकांनी बोलणं तोडलं होतं. पण भावाशी समेट केल्याशिवाय चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर नि प्याला घ्यायचा नाही, म्हणून दर महिन्याला प्रभुभोजनाच्या रविवारच्या आदल्या शनिवारी वडील मला घेऊन तिथे जायचे आणि ओल्या पडद्याबाहेरूनच म्हणायचे, “दादा, माझ्या मनात काही नाही. तुम्हाला शांती असो.” आत झोपाळ्याची करकर थांबायची, उत्तर कधीच यायचं नाही. मी दहा वर्षांची असताना वडील झाशीच्या दवाखान्यात तापाने गेले. प्रभुभोजनाआधीचा पुढचा शनिवार आला तेव्हा आई म्हणाली, “काकांना कुणी कळवलं नसेल. तूच सांगून ये.” मी गेले, तर पडदा वर गुंडाळलेला. काका झोपाळ्यावर शेजारी जागा सोडून बसले होते, समोर पाण्याची दोन फुलपात्रं. “एकटीच आलीस, बेटा? तो कुठाय?” माझ्या तोंडून एवढंच निघालं, “तुम्हाला शांती असो,” आणि मी पळत सुटले. आज मी तेव्हाच्या काकांहून म्हातारी आहे. तरी प्रभुभोजनाचा प्याला ओठांशी नेताना हात थबकतो. त्या दुपारी ते किती वेळ वाट बघत बसले असतील?