का-काकूंचा दम

किल्ल्या करून देणाऱ्या काकूंना अख्खी गल्ली 'का-काकू' म्हणायची. गिऱ्हाईक कुलूप घेऊन आलं की त्या आधी आत डोकावायच्या आणि विचारायच्या, "आपणहून अडकलं, की कुणी जोर लावला? का लावला?" उत्तर मिळाल्याशिवाय कानशीला हात लावायच्या नाहीत. यजमानांच्या माघारी दुकान त्यांनीच चालवलं, आणि अलीकडे सुनेलाही शेजारी बसवून हळूहळू तयार करत होत्या.

लहानपणी काकूंना दमा होता. मोठेपणी तो जणू त्यांचा पत्ताच विसरून गेला. पण गेल्या काही आठवड्यांत छाती पुन्हा घरघरू लागली. एका दुपारी किल्ली घासताना त्यांना एक वाक्य धड पुरं करता येईना. सुनेनं शटर ओढलं आणि त्यांना थेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली. म्हणावा तसा श्वास मोकळा होईना, तेव्हा त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं. टोचण्याआधी विचारलं, "हृदयाचा काही त्रास? रक्तदाब, थायरॉइड, साखर? रोजचं कुठलं औषध?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली.

दंडाच्या कातडीखाली इंजेक्शन गेलं. थोड्या वेळात छाती धडधडू लागली, बोटं थरथरू लागली. दुसरं कुणी घाबरलं असतं. काकू आपल्याच बोटांकडे टक लावून बघत बसल्या.

"दम छातीत," त्या तुटक तुटक म्हणाल्या, "मग हात का थरथरतात?"

"श्वासनळ्यांभोवती आवळलेले स्नायू हे औषध सैल करतं. पण रक्तातून ते हृदयाकडेही जातं आणि हातांकडेही. म्हणून तर तुमची नाडी धरून बसलेय."

"मग अजून एक द्या. निम्माच दम गेलाय."

"घाईनं दुसरं दिलं तर हृदयाची लय बिघडायची. आधी मला कळू दे, पहिलं पुरतं लागू का पडलं नाही."

खोलीत आता 'का' विचारणाऱ्या दोघी झाल्या होत्या. तेवढ्यात सुनेनं पर्स उघडली. "आई, थेंबांची वेळ झाली."

"कसले थेंब?" डॉक्टरीणबाई वळल्या.

"डोळ्यांचे. डोळ्यातला दाब वाढलाय म्हणून गेल्या महिन्यात सुरू झाले."

"मघाशी मी औषधांचं विचारलं होतं."

"औषध म्हणजे पोटात घेतात ते," काकू म्हणाल्या. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. "हे डोळ्यातून नाकात उतरतं आणि तिथून रक्तात. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या यानं आवळतात. वर माझं इंजेक्शन जिथे जाऊन काम करतं, ती जागाच हे अडवून बसतं."

काकूंचा चेहरा उजळला. "तरीच घशात कडू लागायचं. मी म्हणायचे, घातलं डोळ्यात, तर घसा का कडवट?"

दुसऱ्या प्रकारच्या औषधाची वाफ दिल्यावर श्वास हळूहळू मोकळा झाला. हृदयाचा आलेखही काढून झाला. डॉक्टरीणबाईंनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मग काकूंना म्हणाल्या, "हे थेंब आता घालायचे नाहीत. पण डोळा तसाच सोडायचा नाही, नजर जाईल. उद्या सकाळीच जाऊन थेंब बदलून घ्या."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वेगळे थेंब दिले. ते घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं थोडा वेळ दाबून ठेवायचा, म्हणजे औषध नाकात कमी उतरतं, हेही करून दाखवलं.

"माझ्या दम्याचं आधी का नाही विचारलंत?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी जुना कागद काढून बघितला. "विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"नव्हताच तेव्हा," काकू म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "पण लहानपणी होता, असं म्हणायला हवं होतं, नाही का?"