पलीकडच्या शिखरावर दाजी

मोजणीदार हाडाचा हट्टी. एक कोन पुन्हा पुन्हा मोजल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बायको म्हणायची, "आमच्याकडे दार लावलंय का, तेही दुर्बिणीतून बघतात."

त्या मोसमात रानातल्या तळ्याकाठी त्याचा तंबू पडला होता. पलीकडच्या बोडक्या शिखरावर निशाणाची काठी धरायला त्याने थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला पाठवलं होतं. शिरस्ता साधा होता. इकडून कोन मोजायचा, मग आरशाने उन्हाची तिरीप तिकडे फेकायची. आरसा चमकेपर्यंत शिखरावरच्याने जागा सोडायची नाही.

"आणि विसरलास तर?" दाजींनी निघताना विचारलं होतं.

"तुम्हाला विसरलो तर ताई मला उंबरा ओलांडू देईल का?"

दुपारी ढग उतरले आणि शिखर गडप झालं. वारा बोचू लागला, तळं काळंठिक्कर पडलं. मोजणीदाराचा जीव टांगणीला लागला. दाजी शब्दाचे पक्के, हलणार नाहीत. आणि अंधारात त्या कड्यावरून उतरणं म्हणजे मरण.

स्वयंपाकी म्हणाला, "शहाणे असतील तर केव्हाच उतरले असतील."

"शहाणे असते तर माझ्यासोबत आले असते का?"



मग ढग फाटले. इकडे ऊन पडलं, तिकडे शिखर उघडं झालं. मोजणीदाराने दुर्बिणीला डोळा लावला. काठी सरळ उभी होती, आणि तिला मिठी मारून एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवला की कोन हाती. मोसमभर तो याच घडीची वाट पाहत होता. पण ढगांची कड शिखराकडे सरकत होती; कोन मोजेपर्यंत आरसा दाखवायला शिखर उरलं नसतं.

स्क्रूवरचा हात त्याने उचलला आणि आरसा धरला. तिरीप तळ्यावरून धावली, कड्यावर चढली. माणसाने मान वर केली की नाही, ते दिसायच्या आत ढग मिटले.

मग नुसती वाट पाहणं. दिवस मावळता मावळता झाडीतून दाजी आले. ओठ निळे, दात कडकड वाजत होते.

"मिळाला कोन?"

"नाही."

"मग मला उतरवलंस कशाला, गाढवा? पुन्हा चढायला?"

मोजणीदाराने त्यांच्या खांद्यांवर घोंगडी टाकली.

शिखर पुन्हा मोकळं झालंच नाही. नकाशात तळ्याचा तो काठ अंदाजाने, तुटक रेषेने काढावा लागला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा हा हट्टी माणूस म्हणाला, "तिथे आमचे दाजी बसले होते."