तुकडा माझा, नाव तिचं

दीड महिन्यापूर्वी सोमवारी सकाळी भाचीचा फोन आला, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "आज कुठे? डायलिसिस तर उद्या ना?" पलीकडे ती नुसती रडत राहिली, तेव्हा मला कळलं. शालू, माझी धाकटी बहीण, डायलिसिसशिवाय आणखी कुठे जाऊ शकते हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं...

अकरा वर्षांपूर्वी मी तिला माझी एक किडनी दिली. तेव्हाची मी म्हणजे मुलुंडच्या आमच्या सोसायटीतलं एक प्रकरणच होतं. टाके सुकतायत तोवर हळदीकुंकवाला जाऊन बायकांना व्रण दाखवून आले. घाटकोपरला शालूच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचे, लोणचं दिसलं की 'माझ्या किडनीला हे चालायचं नाही' म्हणत बरणी वरच्या फळीवर. लेक सासरी धाडून तिच्या सासूवर पाळत ठेवणारी आई परवडली. शालू एकदा म्हणाली, "ताई, दिवाळीला तुझ्या या किडनीला माहेरपणाला घेऊन जा ना, मी दोन दिवस सुखाने जेवीन."

सातव्या वर्षी तिचं क्रिएटिनिन चढू लागलं, म्हणजे किडनी थकत चालली, आणि बायोप्सी झाली. पोटात सुई घालून शेवईएवढा तुकडा काढला. तुकडा माझा आणि कागदावर नाव तिचं, यावरून आम्ही दोघी हसलो. रिपोर्ट आला आणि हसणं संपलं. तिच्या शरीराने माझ्या किडनीविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या होत्या, आतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड झाल्या होत्या, बराचसा भाग व्रणांनी भरला होता. गोळ्या कधी चुकल्या का, डॉक्टरांनी विचारलं. शालू तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "चुकवल्याच असणार हिने." ती गप्प राहिली. मी मोठी शहाणी, गप्प म्हणजे कबुली असं धरलं आणि चार महिने तिच्याशी बोलले नाही. त्याच चार महिन्यांत ती डायलिसिसवर गेली.

पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, एकही गोळी न चुकवणाऱ्यांचंही असं होतं, आणि हिच्या रक्तात औषधाचं प्रमाण दर वेळी बरोबर होतं. मी तशीच डायलिसिस चालू असताना तिच्या खाटेपाशी गेले. तेव्हा का गं बोलली नाहीस, विचारलं. ती मशीनकडे बघत म्हणाली, "नाही चुकवल्या म्हटलं असतं, तर आपल्याच किडनीत खोट होती म्हणून तू रडत बसली असतीस. त्यापेक्षा माझ्यावर चिडलेली बरी... चिडलीस की तू जेवतेस तरी."

माफी मागायला मला जमलं नाही. तिच्या पायावरची चादर सारखी केली, नर्सला उगाच एसी कमी करायला सांगितला. नंतरची सगळी वर्षं तिच्याबरोबर डायलिसिसला जात राहिले, पुढच्या खेपेला म्हणू असं ठरवत राहिले...

त्या सोमवारी भाचीने आणि मी तिला अंघोळ घातली. निकामी झालेली किडनी बहुतेक वेळा काढत नाहीत, आहे तिथेच राहू देतात. ओटीपोटात उजवीकडे ती जागा हाताला लागली, थोडी टणक. मी तिथे तळवा ठेवला आणि म्हटलं, "शालू, चुकलं गं माझं."

भाची म्हणाली, "मावशी, पाणी गार होतंय."

मी म्हटलं, "होऊ दे."