क्रिप्टोची मुळं

आई गेल्यावर बाबांना मी गांधीबागेतल्या भाड्याच्या खोल्यांमधून सदरमधल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. कपड्यांच्या दोन पिशव्या आणि काचेची एक टाकी, एवढंच त्यांनी सोबत घेतलं. टाकीत मासे नव्हते, ते आईच्या आजारपणातच मेले होते. होती फक्त क्रिप्टो, पाण्याखाली वाढणारी, लांबट तपकिरी पानांची झाडं.

आठवडाभरात पानं विरघळायला लागली. पाणी गढुळलं, हॉलभर कुजका वास सुटला. फेकून द्या, मी म्हणालो.

"जागा बदलली का हे झाड असंच करते गा," बाबा म्हणाले. "पानं जातात, मुळं जित्ती राहतात. महिनाभर हात नको लावू."

बायको त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेली, त्या सकाळी मी सगळं मुळांसकट उपटलं आणि टाकी भंगारवाल्याला दिली. पाहुणे येणार होते, असं बायकोला नंतर सांगितलं. कोणी येणार नव्हतं. आई आतल्या खोलीत कण्हत असायची तेव्हा बाबा या टाकीचं पाणी बदलत बसायचे. उपटताना मला बरं वाटत होतं.

दुपारी बाबा आले, एका डोळ्यावर पट्टी. रिकामं स्टूल पाहून, कुठे टाकलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी गॅलरीतून खालचा कचऱ्याचा डबा दाखवला.

"मेलेलं घरात ठेवायचं नसतं, बाबा."

ते एकटेच जिना उतरले. कोपरापर्यंत हात घालून डबा चाचपू लागले. वॉचमन हसला. घाम आला म्हणून त्यांनी पट्टी सरकवून त्याच हाताने डोळा पुसला. मी वरून पाहत होतो, हाक मारली नाही. बायको धावत खाली गेली.

दोन मुळं सापडली. बायकोने ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, पाण्यात ठेवली. मी बरणी ओट्यावरून उचलायला लावली, तेव्हा बाबांनी ती उशाशी घेतली.

तिसऱ्या दिवशी डोळा सुजला, पू झाला. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण त्या डोळ्याने त्यांना पुन्हा दिसलं नाही. बहीण भिवापूरहून आली आणि त्यांना घेऊन गेली. निघताना त्यांनी बरणी मांडीवर धरली होती.

दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. बरणीत नवं पान फुटलं होतं.

"तुले सांगू नको म्हणाले ते," ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. त्यांना फोन दे म्हणायचं धाडस झालं नाही.