कॅम्पातली बाटली

मायाबाईला फसवणं म्हणजे खायचं काम नव्हे. रायपुरात तेलीबांध्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणालाही विचारा. दुधात पाणी असलं तर पातेलं गॅसवर चढायच्या आधी ती दूधवाल्याला हाक मारायची. भाजीवाल्याचा काटा नुसत्या नजरेनं पकडायची. रविवारी विहारात वंदनेला कोण खरंच आजारी म्हणून आलं नाही आणि कोण सोंग करून घरी लोळतंय, हेही तिला बसल्या जागी कळायचं. आणि अशा बाईला घरातल्याच दोघांनी चार वर्षं उल्लू बनवलं!

माया मूळची तुमसरची. लग्न होऊन रायपूरला आली. नवरा हिरालाल सिलतऱ्याला एका स्टील प्लांटात क्रेन चालवायचा. वितळलेल्या लोखंडाची भलीमोठी बादली उचलून न्यायची, खाली माणसं, वर काचेच्या डब्यात हा एकटा. प्लांटात क्रेनवाल्याला मान. मायालाही त्याचा तोरा होता, कशाला खोटं बोला. तिचा धाकटा भाऊ लहानू, आई गेल्यावर तिनंच वाढवलेला, त्यालाही हिरालालनं त्याच प्लांटात चिकटवून दिलं. मायाला वाटायचं, आपल्यासारखी सुखी बाई पाऱ्यात दुसरी नाही.

दरवर्षी हिवाळ्यात प्लांटात तपासणीचा कॅम्प लागायचा. रक्तदाब, डोळे, लघवी. लघवीत खोट निघाली की क्रेनवाल्याला खाली उतरवायचे आणि गेटवर नाहीतर गोदामात बसवायचे. हिरालालचा रिपोर्ट मात्र दरसाल चोख. त्या दिवशी माया मटण करायची, झणझणीत. सोबत सुकटीची चटणी आणि आंब्याचं लोणचं. लहानूही जेवायला यायचा. मग रविवारी विहारात बायकांना ऐकवायची, "आमच्या ह्यायची लघवी पाहा, पोट्ट्यासारखी साफ!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत बापड्या, माया म्हणायची.

यंदा पावसाळा सरता सरता हिरालालचे पाय सुजले. चप्पल घालता येईना. जेवणावरून मन उडालं. मुलगी चेतना हट्टाला पेटली आणि त्याला समता कॉलोनीत डॉक्टर उल्काताईंकडे घेऊन गेली. माया सोबत होतीच. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं.

"दोन्ही किडन्या मिळून जेमतेम पाव काम करतात," त्या म्हणाल्या.

"असं कसं होईल?" माया उसळली. "दरसाल तपासणी होते. लघवी एकदम साफ निघते."

डॉक्टर गोंधळल्या. "हे एका वर्षात झालेलं नाही मावशी. कितीतरी वर्षं लघवीतून प्रथिनं जात असणार. लघवीवर फेस येतो तो त्याचाच. साध्या तपासणीतही ते दिसायला पाहिजे होतं."

मग त्यांनी एका गोळीचं सांगितलं. आधी ती साखरेच्या आजारासाठी निघाली होती. पुढं हजारो पेशंटवर पाहिलं तेव्हा कळलं, की साखर नसली तरी किडनीची घसरण ती हळू करते. गेलेलं परत आणत नाही, पण राहिलेलं जास्त दिवस टिकवते. रक्तदाबाची गोळी, कमी मीठ आणि ही गोळी, तिन्ही मिळून बराच फरक पडतो.

"अन् हे पयलेच कळलं असतं तर?" मायानं विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "तर कदाचित पुष्कळ वर्षं डायलिसिसचं नाव काढावं लागलं नसतं. पण आताही उशीर पुरता झालेला नाही. किडन्या अगदी काठावर आहेत, तरी गोळी सुरू करता येईल. उद्या सकाळची पहिली लघवी आणा. प्रथिनं किती जातात ते मोजून ठेवू. दर तीन महिन्यांनी परत मोजू, म्हणजे गुण येतो की नाही ते समजेल."

हिरालाल फरशीकडे बघत होता.

मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्लांटानं फसवलं! न तपासताच साफ लिहीत होते मेले! चेतना म्हणाली, "मम्मी, पहले घर चलो ना." हिरालाल पुटपुटला, "जाऊ दे ना माया, काय फायदा." पण ती ऐकते थोडीच! बापलेकीला रिक्षात बसवून दिलं आणि स्वतः निघाली थेट सिलतऱ्याला.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर तिनं लहानूला बोलावून घेतलं. "चाल माह्यासंग आत. त्या कॅम्पवाल्यायले जाब इचारतो मी. तुह्या भाऊजीच्या किडन्या गेल्या, अन् हे साफ लिहून राहिले!"

लहानूनं चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "ताई, आत नको जाऊ."

"काहून?"

"कॅम्पवाल्यायची चूक नाही."

"मंग कोणाची?"

लहानूनं मान खाली घातली. "ते लघवी माही होती, ताई."

आता हे काही जगावेगळं नव्हतं. कॅम्पाच्या दिवशी कॅन्टीनमागच्या संडासात बाटल्या इकडच्या तिकडं होतात, हे त्या प्लांटात उघडं गुपित. ज्याला खोट, तो धडधाकट माणसाला गाठतो, "भैया, जरा अपना दे दे." नंतर त्याला कचोरी खाऊ घालतो. सगळे हसतात आणि काम टिकतं. लहानूनं तर कचोरीसुद्धा घेतली नव्हती. घरच्या माणसाकडून काय घ्यायचं!

"चारही साल?" मायाचा आवाज चिरकला.

"हव. पयल्या साली भाऊजी बाहेर तपासून आले होते, खोट निघाली होती. म्हणाले, ताईले सांगशील तर माहं मेलेलं तोंड पाहशील."

"त्या मटणाच्या दिवशी तूबी जेवाले होता ना रे? दोन दोन वाट्या रस्सा मागून घेत होता?"

ज्याला भरवून मोठं केलं, तो चार वर्षं समोर बसून जेवत होता आणि सगळं जाणत होता. मायाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हातच उचलला गेला नाही. तिच्यासाठी आलेला चहा तसाच टाकून ती उठली.

घरी हिरालाल पाय उशीवर ठेवून पडला होता. तिचं तोंड पाहूनच त्याला कळलं.

"क्रेनवरून उतरवलं असतं मले," तो आपणहून म्हणाला. "गेटवर डंडा घेऊन बसवलं असतं. अन् इलाज तरी कुठं होता? अनंतराव काकाले आपण नेत होतो ना डायलिसिसले? डॉक्टरच म्हणे, आता काही इलाज नाही. मंग तुले सांगून काय करू? तूबी जळत बसली असती."

"इलाज निघाला ना रे!" माया ओरडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "तू तिकडे बाटल्या बदलून राहिला होता, अन् इकडे डॉक्टर लोकं गोळी शोधून मोकळे झाले. मले सांगितलं असतं तर त्या उल्काताईच्या दारात मी तवाच जाऊन बसली असती. मीठ बंद केलं असतं. लोणच्याची बरणी फेकून देल्ली असती. मी माह्या हातानं तुले सुकट वाढली. आणखीन घ्या, आणखीन घ्या म्हणून वाढली! अन् तू गुमान खाल्ली. माह्या हातानं खाल्ली!"

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. आजार लपवला, हेही तिनं एक वेळ पोटात घातलं असतं. पण त्या आजाराला खतपाणी तिच्याच हातून घालून घेतलं आणि तिला हसत विहारात मिरवू दिलं, हे तिला सहन होईना. हिरालाल "माया, माया" करत राहिला. तिनं ओ दिली नाही.

सकाळी ती त्याच्या आधी उठली. संडासाच्या दाराशी बाटली घेऊन उभी राहिली.

हिरालाल आला, बाटली घेतली आणि आत जाऊन कडी लावू लागला.

"दार उघडं ठेवा," माया म्हणाली. आवाज थंड होता.

"अवं, लाज वाटते मले."

"मलेबी वाटते. पण दर तीन महिन्यानं आता मी इथंच उभी राहीन."

तो पाठ करून उभा राहिला. एवढा क्रेनवाला माणूस, खांदे पाडून. मायानं नजर हटवली नाही. बाटली भरली तेव्हा वर फेस दाटला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो पाहिला. झाकण घट्ट लावून तिनं बाटली पदराखाली घेतली.

अंगणात लहानू मोटरसायकल घेऊन उभा होता. डोळे सुजलेले. पुढं येऊन त्यानं हात पसरला. "दे ताई, मी पोहचवून देतो दवाखान्यात."

मायानं त्याच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. लहानपणी या हाताला धरून तिनं त्याला शाळेत नेलं होतं.

"तुह्या हाती देऊ?" ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून रिक्षा पाहायला रस्त्यावर गेली.