बेडकाची पातळ कातडी

निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात. मी बेडकांच्या मागे लागलो. पडेगावात आमच्या घरामागं शेत आहे आणि बांधाला पावसाळ्यात डबकं साचतं. सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे डबक्यात काय आहे ते फक्त मलाच कळतं, अशी माझी समजूत होती.

शेत कसणाऱ्या मावशींनी काही विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना शिकवलं: खरखरीत पाठीचा कोणता, पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा कोणता, मातीत स्वतःला पुरून घेणारा कोणता. बेडूक आपल्या पातळ कातडीतूनही श्वास घेतो, विषही त्याच वाटेनं आत जातं, म्हणून फवारणीचा पंप डबक्यात धुवायचा नाही, असं बजावलं. एका डबक्यातली बुरशी बुटांवरून दुसऱ्यात जाते, म्हणून औरंगपुऱ्यातून आणलेले गमबूट त्यांच्यादेखत घासून उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून मावशी पंप धुवायला पाण्याची बादली उचलून लांब बाभळीखाली जाऊ लागल्या.

एका सकाळी मला अंगठ्याएवढा बेडूक सापडला. ओळख पटेना. हातात धरून बोटं पाहिली, पोट पाहिलं, पुस्तक उघडलं, पुन्हा पोट पाहिलं. शेवटी ओल्या पाल्यासकट डब्यात ठेवला. संध्याकाळी पाहतो तर मेलेला. माझं डोकंच फिरलं. वहीत 'कारण: फवारणी' असं लिहिलं आणि डबा घेऊन तडक मावशींकडं गेलो.

त्यांनी आधी डब्यात पाहिलं, मग माझ्या हातांकडं.

"सर, ह्यो वास कशाचा यायलाय?"

"डासांची क्रीम. डबक्यावर फार चावतात."

"सकाळी बी लावली व्हती?"

"रोजच लावतो."

"आन् याची कातडी लई पातळ म्हनला व्हता ना तुमी?"

फवारणी त्यांनी पंधरा दिवसांत केलीच नव्हती. ते विचारायचं मला सुचलंही नव्हतं. इतकी लाज मला वर्गात कधी वाटली नाही.

वहीतलं कारण मी खोडलं आणि खरं ते लिहिलं. डबक्यावर अजून जातो. बांधावर मावशींनी बादली ठेवली आहे. हात धुतल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. आणि माझ्या हातांचं ते पाणी त्या पंपाच्या पाण्यासारखंच लांब बाभळीखाली नेऊन ओततात.